घरांतील वस्तु : शिराझचें खातम आणि मुंबईची पेटी

नेरूळहून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे, आणि त्यांतील कौटुंबिक भाग छापण्याचें कारण नाहीं. पण त्यांतला प्रश्न असा आहे कीं, त्याचें उत्तर अनेक घरांस उपयोगी पडावें. गेल्या महिन्यांत त्यांच्या सासूबाई वारल्या. गिरगांवची जागा सोडून कुटुंब खाडीपलीकडे राहावयास आलें तेव्हां जें सामान बरोबर आलें, त्यांत एक चंदनी पेटी होती. सासूबाई तिच्यांत फणी, करंडा आणि जुनीं पत्रें ठेवीत. झांकणावर व कडांस काळ्या, पांढऱ्या, हिरव्या अशा बारीक चांदण्यांची नक्षी आहे. एका कोपऱ्यांत ती उखडली आहे. थोरले दीर म्हणतात, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास पेटी विकून पैसे तिघां भावांत वांटावे. धाकट्या जाऊबाई म्हणतात, सुतारास बोलावून ती घासून घ्यावी आणि नवें पॉलिश देऊन घरांतल्या मुलीच्या लग्नांत द्यावी. बाई विचारतात, ही वस्तु आहे तरी काय, आणि या दोघांपैकीं खरें कोणाचें? पत्रास एक ताजा कलमही आहे. त्याकडे मागाहून वळूं.

दोघांचेंही खरें नाहीं, एवढें उत्तर प्रथमच देऊन टाकतों. कारणें सांगण्यापूर्वीं पेटीची ओळख करून देणें अवश्य आहे. कारण वस्तु काय आहे हें कळलें म्हणजे निम्मा वाद आपोआप मिटतो.

पेटी पाहावयाची ती भिंगांतून पाहावी. प्रत्येक चांदणी सहा टोकांची आहे, आणि तिचा एकेक अवयव हा स्वतंत्र तुकडा आहे. पांढरा तुकडा हस्तिदंताचा किंवा हाडाचा, काळा आबनुसाचा, तांबूस पतंगाच्या लाकडाचा, हिरवा रंगविलेल्या हाडाचा अगर शिंगाचा, आणि मधून मधून दिसणारा करडा ठिपका हा कथलासारख्या धातूच्या तारेचा. पाहणाऱ्यास वाटतें कीं, कोणी धीराचा पुरुष महिनेच्या महिने बसला असेल आणि त्यानें एकेक कण चिमट्यानें उचलून लावला असेल. तसें असतें तर एका पेटीस एक जन्म पुरला नसता. कारागिराची युक्ति निराळी आहे, आणि ती समजून घेण्यास स्वयंपाकघरापर्यंत जाणें पुरे. अळूवडीचा उंडा आपण कापतों तेव्हां प्रत्येक वडीवर तोच वेटोळा दिसतो. तो वडीवर कोणीं काढलेला नसतो. उंडा वळतांनाच तो त्याच्या पोटांत गेलेला असतो. या पेटीवरील चांदणीचेंही तसेंच आहे. ती रंगविलेली नाहीं आणि कोरलेलीही नाहीं. ती एका जुडग्याच्या पोटांतून कापून काढलेली चकती आहे.

इराणांत या कामास खातमकारी म्हणतात. शिराझ हें तिचें माहेरघर; इस्फहानासही ती चालते. लाकूड, उंटाचें हाड आणि पितळ यांच्या तिकोनी काड्या करावयाच्या. काडीची जाडी दोनतीन मिलिमीटरांहून अधिक नसते, आणि चांगल्या कामांत त्याहूनही कमी असते. खोबणी पाडलेल्या फळींत काडी बसवून कानशीनें तिच्या तिन्ही बाजू अगदीं सारख्या करतात. येथें केसभर चूक झाली तर पुढें चांदणीचें टोक वांकडें येतें, आणि मग त्यास उपाय नाहीं. मग नमुन्याप्रमाणें काड्यांस काड्या लावून, मध्यें सरस भरून, दोऱ्यानें जुडगा घट्ट आवळतात. असे अनेक जुडगे एकत्र दाबून त्यांचा ठोकळा करतात, ठोकळ्याच्या आडव्या पातळ चकत्या काढतात, आणि त्या पेटीवर चिकटवून घासून वर रोगण देतात. उत्तम कामांत एका घन सेंटिमीटरांत सुमारें २५० तुकडे भरतात, असा हिशेब इराणी लोक अभिमानानें सांगतात. सफवी राजांच्या काळीं, म्हणजे इ. स. १५०१ ते १७३६ या काळांत, या कलेस राजाश्रय होता. दारें, खिडक्या, धर्मग्रंथांच्या पेट्या अशा मोठ्या वस्तु त्या वेळीं घडल्या. पुढें उतरती कळा लागली. तरी गेल्या शतकांत १९३० नंतर तेहरानांत संगमरवरी महाल बांधला गेला, तेव्हां त्यांतील एक सबंध दालन खातमानें मढविण्याइतके हात इराणांत शिल्लक होते.

येथें वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, इराणच्या कारागिरीशीं आपणांस काय कर्तव्य? पण 'कारागीर' हा शब्द फारसी आहे. 'नक्षी' फारसींतूनच आली, 'कलमदान' तेथलेंच, आणि ज्यानें काड्या चिकटवितात तो 'सरस'ही तेथलाच. आपल्यांतील पारसनीस आडनांवाच्या घराण्यांचे पूर्वज दरबारांत फारसी पत्रव्यवहार पाहात. बिदरच्या किल्ल्यांत रंगीन महाल आहे. तेथें काळ्या दगडांत शिंपला बसवून फारसी अक्षरें काढलेलीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना या मार्गानें दक्षिणेंत काय काय आलें याची कल्पना येईल. मात्र बिदरचें काम म्हणजे दगडांत घर कोरून त्यांत शिंपला बसविणें. आणि आमच्या बाईंच्या पेटीवरील काम म्हणजे चकतीनें पृष्ठभाग मढविणें. दोन्हींस आपण सरसकट 'जडाव' म्हणतों, पण कृति अगदीं वेगळी. सावंतवाडीचें काम याहूनही निराळें. तेथें लाकडावर रंग व लाख चढते, म्हणून त्याचा आणि या पेटीचा संबंध जोडूं नये.

आतां शिराझची वस्तु गिरगांवांत कशी आली? तर ती वस्तु आली नाहीं, विद्या आली. मुंबईच्या वैद्यकीय खात्यांत नोकरी केलेले आणि येथील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींत ज्यांचा हात होता ते जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालीं हिंदुस्थानांतील हस्तव्यवसायांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हें काम शिराझहून सिंधांत आणि पुढें सुरत-मुंबईस आलें, असें त्यांत सांगितलें आहे. सुरतेस त्याला सादेली म्हणतात. तेथील पारशी कारागिरांत हा धंदा इतका मुरला कीं, पेटीगरा हें आडनांवच होऊन बसलें. मुंबईंत तर त्याला सर्व बाजूंनीं सोय होती. आफ्रिकेचा हस्तिदंत झांजिबारहून याच बंदरांत उतरे, चंदन दक्षिणेकडून येई, आणि इराणच्या आखातांतील बंदरांशीं येथील व्यापाऱ्यांची जुनी ये-जा होती. इमामवाड्याजवळ निळ्या फरशांची जी इराणी मशीद आहे, ती १८६० सालीं बांधविणारे व्यापारी मूळचे शिराझचेच; हाजी महंमद हुसेन शिराझी हें त्यांचें नांव. सामान, गिऱ्हाईक व जहाज हीं तिन्ही एका ठिकाणीं मिळाल्यावर धंदा वाढावयास वेळ लागला नाहीं. १८५१ सालीं लंडनांत महाप्रदर्शन भरलें, तेथें मुंबईच्या या पेट्या मांडल्या गेल्या. इंग्रज लोक त्यांस 'बॉम्बे बॉक्स' म्हणूं लागले. शिवणाच्या पेट्या, लेखनपेट्या, भेटीचीं कार्डें ठेवण्याच्या डब्या, टोपल्या असे नाना प्रकार निघाले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत त्यांचे नमुने आज जपून ठेविलेले आहेत.

आमच्या नेरूळच्या बाईंच्या पत्रांत एक ओळ आहे, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटली. त्या लिहितात, "आजेसासरे सरकारी कचेरींत होते, विलायतेस परत जातांना साहेबानें ही पेटी त्यांना दिली, म्हणून घरांत तिला साहेबाची पेटी म्हणतात." म्हणजे पाहा : मुंबईच्या कारागिरानें मुंबईंत केलेली वस्तु मुंबईच्याच कुटुंबांत आली ती विलायतेच्या माणसाच्या हातून, आणि तिला नांवही त्याचेंच पडलें. आजेसासऱ्यांनीं स्वतः अशी पेटी कधीं विकत घेतली असती काय? आम्हांस शंका आहे. एक तर हाड. सोवळ्याच्या घरांत तें कोठें ठेवावें हा प्रश्न. दुसरें, पगारांतून कांहीं उरलें तर तें पुस्तकांस, मुलांच्या फियांस आणि लग्नकार्यास जाई, आणि तें योग्यच होतें. पण तिसरें कारण याहून खोल आहे, आणि तें आपण सहसा बोलत नाहीं. हातानें काम करणाऱ्याबद्दल आपल्या घरांत कौतुक असे, पण बरोबरीची भावना नसे. त्याचें काम 'छान आहे हो' म्हणून पाहावयाचें, आणि किंमत विचारतांच भुंवया उंचावावयाच्या. साहेबानें पेटी घेतली ती फार रसिक म्हणून नव्हे, तर परदेशची आठवण म्हणून. आठवण म्हणून घेणारा निघून गेला, विलायतेंतली आवड पालटली, आणि शेजारचा घेणारा कधीं तयारच झाला नव्हता. मुंबईंतून हा धंदा उठण्यास हें एकच कारण होतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण याचा भाग थोडा नव्हता. सुरतेस मात्र कांहीं थोड्या घरांनीं ही विद्या अद्याप राखली आहे, आणि 'सुरत सादेली' या नांवास भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. तेथील कारागीर आतां हस्तिदंताऐवजीं प्लास्टिकसारखे पदार्थ वापरतात. कित्येकांस त्यांत कमीपणा वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. हत्ती मारून चांदण्या करण्यापेक्षां हें शतपटीनें बरें, आणि काडी कानसण्याचें कौशल्य तें तेंच आहे.

ही संवय अजून गेली नाहीं, हें बेलापूरच्या अर्बन हाटांत एखाद्या सुटीच्या दिवशीं उभें राहिल्यास कळतें. वाशीच्या बाजारांत इराणी पिस्त्यांचा भाव निमूटपणें देणारे आपण हस्तकलेच्या दुकानापुढें आलों कीं घासाघीस सुरू करतों. त्यांतून हल्लीं कागदावर छापलेलें नकली खातमही निघालें आहे, त्यामुळें खऱ्याची किंमत अधिकच खुपते. पारख सोपी आहे. खऱ्या कामांत भिंगाखालीं प्रत्येक रंगास स्वतःचा पोत दिसतो, म्हणजे लाकडास रेषा आणि धातूस चकाकी. छापील कामांत सगळे रंग एकाच जातीच्या ठिपक्यांचे झालेले दिसतात.

आतां दिरांचा विचार. पांढरे तुकडे हस्तिदंताचे असतील तर पेटी विकतां येणार नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ सालीं आफ्रिकेहून आलेल्या हस्तिदंतासही तोच नियम लागला. वस्तु शंभर वर्षांची आहे, पणजोबांची आहे, ही सबब विक्रीस चालत नाहीं; आणि "कोण पाहतो आहे?" असें म्हणणारा व्यापारी भेटला तर त्याच्या पायरीवरूनच परत यावें. वारसानें अशी वस्तु आली असतां नव्वद दिवसांच्या आंत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तिची नोंद करावी, असें कायदा सांगतो. हें मासिक हातीं पडेपर्यंत त्यांतले बरेच दिवस गेले असतील, म्हणून बाईंना एवढा भाग टपालानें आधींच कळविला आहे. सासूबाईंच्या किंवा सासऱ्यांच्या नांवें मालकीचें प्रमाणपत्र होतें कीं काय, हें जुन्या कागदांत प्रथम पाहावें. नसल्यास वकिलाचा सल्ला घेऊनच पुढचें पाऊल टाकावें. लग्नांत देण्याचा विचारही कागद नीट झाल्यावरच करावा.

हस्तिदंत कीं हाड हें घरींही थोडेंबहुत ओळखतां येतें. हाडांत रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात; आडव्या कापांत त्या काळसर ठिपक्यांसारख्या आणि उभ्या कापांत तुटक रेघांसारख्या दिसतात. हस्तिदंतांत त्या नसतात. चांदणीच्या तुकड्यांत हें कळणें कठीण, म्हणून कडेची रुंद पांढरी पट्टी पाहावी. शंका राहिली तर हस्तिदंतच समजून वागावें.

धाकट्या जाऊबाईंचा हेतु चांगला आहे, पण उपाय घातक आहे. ही नक्षी म्हणजे जेमतेम कागदाच्या पुठ्ठ्याइतकी जाड चकती. सुतार चांगला असला तरी त्याचा हात दारें-कपाटांस संवयीचा. घासपट्टीचे दहा फेरे झाले कीं आंतलें चंदन वर आलेंच म्हणून समजा. एकदां गेलेली चकती परत येत नाहीं. कोपरा उखडला तो हयगयीनें नव्हे, आपल्याकडील हवेनें. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, पुढें आटतें. धातु व दांत त्याच्या बरोबरीनें हलत नाहींत, आणि मधल्यामध्यें जुना सरस सुटतो. म्हणून पेटी खिडकीजवळ किंवा थंड हवेच्या यंत्रासमोर ठेवूं नये, ओल्या फडक्यानें पुसूं नये, मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ काढावी. धातूचे ठिपके करडे पडले आहेत म्हणून त्यांस चिंच किंवा पितांबरी लावण्याचा मोह कोणास होईल, तो आवरावा. सुटलेले तुकडे एका पाकिटांत घालून कोणत्या कोपऱ्यांतले तें वर लिहून ठेवावें. दुरुस्ती करावयाची तर ती संग्रहालयांचें काम करणाऱ्या जाणत्याकडून, आणि सरसासारख्या पुन्हां सोडवितां येणाऱ्या चिकटीनेंच. बाजारांतल्या झटपट चिकटणाऱ्या नळ्या या कामास शत्रु आहेत.

राहिला ताजा कलम. बाईंचा मुलगा यंदा बारावींत आहे. उखडलेला तुकडा त्यानें भिंगाखालीं धरला, रात्रभर वहींत आकृत्या काढल्या, आणि सकाळीं सांगितलें कीं, आपणांस लाकूडकाम शिकावयाचें आहे. घरांत हंशा पिकला. काकांनीं विचारलें, चार पिढ्या शिकल्या त्या सुतार होण्यासाठीं काय? बाई लिहितात कीं, त्या हंसल्या नाहींत, पण उत्तरही सुचलें नाहीं.

काकांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, साठ अंशांचा कोन केसभर न चुकवितां चोवीस काड्यांत साधणें, लाकूड-धातु-हाडाचें फुगणें-आटणें ध्यानांत घेऊन त्यांची सांगड घालणें, आणि एका जुडग्यांतून शेकडों सारख्या आकृत्या काढणें हें भूमितीचें काम नव्हे तर कशाचें? मुलास ज्या परीक्षेस बसवावयाचें आहे तींतही हेंच विचारतात. फरक एवढा कीं, तेथें चूक झाली तर गुण जातात आणि येथें काडी जाते. पुढें शिक्षण घ्यावयाचेंच तर त्यास मार्ग आहेत. १९६१ सालीं स्थापन झालेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत फर्निचरच्या रचनेचें शिक्षण मिळतें, आणि तेथें प्रवेश मिळविणें हंसण्यासारखें सोपें नाहीं. परंतु मुलानें आणि काकांनीं इतक्यांतच भांडूं नये. एका रात्रीची आवड ही कित्येकदां एका रात्रीचीच असते. तिची परीक्षा घरांतल्या घरांत घेतां येईल, आणि तिला खर्चही फारसा नाहीं.

सुताराच्या दुकानांतून तीन जातींच्या लाकडांच्या पट्ट्या आणाव्या : शिसवाची काळी, फणसाची पिवळी, सागाची तपकिरी. एका घट्ट लाकडाच्या ठोकळ्यांत साठ अंशांची उभी खोबण पाडून घ्यावी. हेंच साधन सर्वांत महत्त्वाचें. पट्ट्यांतून वीतभर लांब काड्या कापून, खोबणींत बसवून, कानशीनें त्यांची प्रत्येक बाजू चार मिलिमीटर करावी. सागाच्या सहा, फणसाच्या सहा, शिसवाच्या बारा, अशा चोवीस. सागाच्या सहा काड्यांचीं टोकें एकत्र आणलीं कीं मध्यें षट्कोन होतो. त्याच्या सहा बाजूंस फणसाच्या सहा लावल्या कीं चांदणी झाली. दोन टोकांमध्यें जी खांच उरते तींत शिसवाच्या दोन दोन काड्या बरोबर बसतात, आणि पुन्हां मोठा षट्कोन पुरा होतो. प्रथम सरस न लावतां नुसत्या दोऱ्यानें बांधून पाहावें. कोठें फट दिसली तर ती काडी टाकून नवी करावी, भरू नये. मग सरस लावून, दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर न सोडतां गुंडाळून, जुडगा एक दिवस सावलींत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं बारीक दातांच्या करवतीनें चकत्या काढाव्या. आरंभीं तीन मिलिमीटरांहून पातळ काढूं नयेत, तुटतात. पहिल्या जुडग्याच्या चकत्या बहुधा करवतीखालीं सुटतीलच. दुसऱ्याच्या वेळीं काड्या कानसण्यास पहिल्याच्या दुप्पट वेळ द्यावा.